नळीवरचं नाव

अनुसयेनं नवऱ्याचं नाव आजवर दोनदाच घेतलं होतं, तेही उखाण्यात. पहिल्यांदा मांडवाच्या दारी, करवल्यांनी वाट अडवली तेव्हा:

भाताच्या बांधीत पाणी भरलं काठोकाठ,
खेमराजचं नाव घेते, सोडा माझी वाट.

दुसऱ्यांदा सासरी, शेजारणींनी हळदीकुंकवाला घेरलं तेव्हा. नवरा वारासिवनीत लाइनमन, म्हणून तिनं नवा उखाणा जोडला:

खांबावरी तार, तारेवरी पाखरू,
खेमराजच्या उजेडात मी कंदील कशाला धरू?

तो उखाणा गल्लीत इतका चालला की पुढं वर्षभर लाइट गेली की पोरं ओरडायची, "वहिनी, कंदील धरा!"

पण उखाण्याबाहेर, उघडं, नुसतं नाव? छे. तिच्या माहेरी, खैरलांजीकडं, बाया सांगत की नवऱ्याचं नाव तोंडानं घेतलं की त्याचं आयुष्य तेवढं झिजतं, सहाणेवर चंदन झिजावं तसं. उखाण्यात घेतलं तर चालतं. गाण्याला देव कान देतो, यम देत नाही. दुकानात उधारी कोणाच्या नावावर, असं विचारलं तर अनुसया दाराबाहेरच्या विजेच्या खांबाकडं बोट दाखवायची. त्यावरून अर्धी वारासिवनी खेमराजला 'खांबवाले' म्हणू लागली होती.

त्या खांबवाल्याला सत्याऐंशीच्या दिवाळीनंतर खांबाचा शेंडा दिसेना.

डोळे चांगले होते. समोरचं दिसे, खालचं दिसे, पायातला काटा दिसे. पण नजर वर जायची नाही. वरचं पाहायचं तर सगळी मान मागं टाकावी लागे, आणि मान टाकली की डोकं असं ठणके की तो खांबालाच मिठी मारून बसे. सकाळी उलटी व्हायची. दुर्गाबाई, त्याची आई, पहिल्यांदा म्हणाली, "नजर लागली." मग म्हणाली, "पित्त झालं." मग एक दिवस अंगणात तिनं त्याला म्हटलं, "अरे, मोहाच्या झाडावर पोपट बसले, पाह्य," आणि तो पोपट सोडून बुंध्याकडंच पाहत राहिला. तिनं पदराला डोळे पुसले आणि बालाघाटच्या बसची वेळ विचारली.

बालाघाटचे डॉक्टर मधुकरराव. वडिलांपासून त्या गावात नावाजलेलं घर. त्यांनी खेमराजच्या डोळ्यांपुढं बोट धरलं, वर नेलं, खाली नेलं, आणि त्याच दिवशी नागपूरला चिठ्ठी दिली.

नागपूरला मशीनमध्ये डोक्याचा फोटो निघाला. मेंदूच्या ऐन मधोमध चिंचोक्याएवढी गाठ. तिनं डोक्यातल्या पाण्याची वाट अडवलेली. पाणी उतरावं म्हणून एक नळी बसवली, डोकं हलकं झालं. पण गाठ तिथंच. तिथले मोठे डॉक्टर फोटो खिडकीच्या उजेडात धरून म्हणाले, "ही जागा अशी आहे की तिथं चाकू नेऊ नये. तोडून पाहण्याऐवजी आपण आधी रक्ताला विचारू."

"रक्त काय सांगते जी?" दुर्गाबाईनं विचारलं.

डॉक्टरांनी समजावून सांगितलं. तरण्या पोरांच्या डोक्यात या जागी एका जातीची गाठ होते. ती कधीकधी रक्तात एक द्रव्य सोडते. ते रक्तात सापडलं, तर गाठ त्या जातीची. आणि त्या जातीची गाठ किरणांच्या शेकानं विरघळते, चहात गूळ विरघळावा तशी. मग दर काही दिवसांनी मोजायचं. द्रव्य उतरत शून्यावर आलं, तर गाठ गेली असं धरायला हरकत नाही.

"आणि नाही उतरलं तं?" अनुसयेनं पहिल्यांदाच तोंड उघडलं.

"तर डोकं उघडावं लागेल," डॉक्टर म्हणाले. मग तिचा चेहरा पाहून हसत म्हणाले, "गंमत ऐका. हे द्रव्य एरवी फक्त बाईच्या रक्तात येतं. दिवस गेल्यावर."

दुर्गाबाईनं आधी सुनेकडं पाहिलं. मग मुलाकडं पाहून म्हणाली, "म्हणजे लग्नाले चार वर्षं झाली, सून थांबली अन् पोराले दिवस गेले? माय वो!"

खेमराजला इतकं हसू आलं की त्याचं डोकं दुखायला लागलं. डॉक्टरांनी फोटो तोंडापुढं धरला, पण त्यांचे खांदे हलत होते.

रक्त गेलं, आणि द्रव्य सापडलं. डोक्यातली गाठ 'ती'च निघाली म्हणून आनंद करणारी ती दवाखान्यातली पहिलीच मंडळी असावी. दुर्गाबाईनं पेढे वाटले.

दवाखान्याजवळच्या धर्मशाळेत विदर्भातल्या गावोगावच्या बाया आपापलं माणूस घेऊन उतरलेल्या. चुली शेजारी शेजारी. भाकरीचा धूर एक आणि दुःखही एक. खेमराजची बातमी तिथं पोचली, तेव्हा संध्याकाळी बायांनी त्याला पाटावर बसवलं, गळ्यात झेंडूची माळ घातली आणि हसत हसत डोहाळे म्हणायला सुरुवात केली. सूर जुना, शब्द तिथल्या तिथं विणलेले:

पयला गं महिना, मान झाली जड,
खांबाच्या माणसाले कैरीची आवड.

दुसरा गं महिना, पोट नाही वाढलं,
डोक्याच्या खोलीत याच्या पाळण्याले टांगलं.

तिसरा गं महिना, किरणाचा शेक,
गुळावाणी इरघळे चिंचोका एक.

"वहिनी, मले खरंच कैरी पाहिजे बरं," खेमराज म्हणाला.

"हौ न, डोहाळे हायेत तुमचे. मागा, काय पाहिजे ते मागा!"

चौथा झाला, पाचवा झाला. तिथं दुर्गाबाईनं हात वर केला. "बस. पुढचे महिने गाठ गेल्यावर. अर्धं गाणं ठेवलं म्हणजे देवाले ते पुरं करायले यावं लागते."

किरण सुरू झाले. रोज सकाळी खेमराज त्या जाड दाराच्या खोलीत एकटा जाई, आणि दार बंद होताना अनुसया बाहेर पदराचं टोक बोटाला गुंडाळत उभी राही. दर सोमवारी रक्तातल्या पांढऱ्या पेशी मोजत. त्या एकदा फार उतरल्या म्हणून आठवडाभर शेक थांबवला. तेव्हा अनुसयेला जेवण गेलं नाही. पेशी पुन्हा चढल्या. कानांच्या वरचे केस गेले, दुर्गाबाईनं लाल फडकं बांधलं आणि म्हणाली, "बाळंतिणीवाणी दिसतो." आणि ते द्रव्य उतरत होतं. बायांच्या तोंडी त्याला 'पाहुणा' नाव पडलं होतं. "पाहुणा किती राह्यला?" "अर्धा गेला." "पाहुणा किती राह्यला?" "पायताण घालून राह्यला, निघते आता."

पण निघाला की नाही, ते नागपूर सोडताना कळलं नाही. शेक संपले, मोठ्या डॉक्टरांनी सांगितलं, "आता घरी जा. महिन्यानं बालाघाटात रक्त काढा, इकडं पाठवा. ते शेवटचं माप. त्यावर ठरेल."

महिनाभर अनुसया त्या एका मापावर जगली. मोह टपटपून गेला, आंब्याला कैऱ्या लागल्या. खेमराज खाटेवरून उठून गिरणीपर्यंत चालू लागला. नजर थोडी थोडी वर जात होती, दाराच्या चौकटीपर्यंत, मग छपराच्या कवेलूपर्यंत. "अजून चार हात वर गेली की खांब लागते," तो म्हणायचा. अनुसया हसायची, पण पाठ फिरली की मनातल्या मनात म्हणायची, डोकं उघडू नको रे देवा, रक्तावरच भागव.

त्या सकाळी दुर्गाबाईचा गुडघा सुजला. नागपुरात जिथं जिथं नाव विचारलं, तिथं ती पुढं होऊन सांगायची, "खेमराज. माझा पोरगा." आज दोघांनाच निघावं लागलं. बालाघाटात मधुकररावांनी पॅडचा कोपरा फाडून त्यावर नुसतं तपासणीचं नाव लिहिलं आणि म्हणाले, "माणिककडं जा. नाव-गाव त्याला सांगा. तो संध्याकाळच्या गाडीनं नागपूरला पाठवतो."

माणिकची लॅब म्हणजे एक खिडकी आणि एक खोली. खोलीत सिस्टर सुनीती रक्त काढायची आणि नळीवर फक्त आकडा घालायची. खिडकीत माणिक त्या आकड्यापुढं नाव लिहायचा. खेमराज आत गेला. अनुसया चिठ्ठी घेऊन खिडकीपाशी. मागं लगीनसराईच्या एस.टी.ला असते तशी गर्दी.

माणिकनं चिठ्ठी पाहिली. ही तपासणी त्यानं आजवर एकाच कामासाठी पाठवली होती. समोर पाहिलं तर तरणी बाई, खाली मान, लाजलेली.

"नाम?"

अनुसया गप्प.

"अरे बाई, नाम बोलो ना. पीछे लाइन है."

तिनं आतल्या खोलीकडं बोट केलं. मग सवयीनं रस्त्यावरच्या खांबाकडं. माणिकला काहीच कळलं नाही. मागून एक म्हातारा खोकत म्हणाला, "लवकर सांग न व बाई, मी काय उद्यापर्यंत उपाशी राहू?"

उखाणा घ्यावा तर इतक्या पुरुषांत, खिडकीत? आणि तसंच उघडं घ्यावं तर आजच्या दिवशी? आजच, जेव्हा त्याच्या आयुष्याचा तोल केसावर आहे? तिच्या ओठांवर ते नाव आलं आणि परत फिरलं.

"बरं, तुमचं नाव तरी सांगा!" माणिक वैतागून मराठीवर आला.

"अनुसया," ती म्हणाली.

त्यानं लिहिलं. खेमराज दंड दाबत बाहेर आला. "झालं?" त्यानं विचारलं. "झालं," ती म्हणाली.

चार दिवसांनी सकाळी शेजारची कौसल्या दारात कैऱ्यांनी भरलेली टोपली घेऊन उभी. तिच्यामागं आणखी दोघी, एकीच्या हातात चिंचेचा गोळा.

"छपवून ठेवता काय दुर्गाबाई? आमाले बालाघाटातून कळलं. माणिकची बायको माझ्या मावशीची सून लागते. अनुसयेचं रक्त गेलं म्हणे नागपूरले!"

दुर्गाबाई सूप खाली ठेवून उठली. गुडघ्याचं दुखणंही विसरली. कौसल्या गेल्यावर तिनं सुनेला चुलीपाशी गाठलं. "अनू, नळीवर कोणाचं नाव सांगितलं तू?"

अनुसयेच्या हातातली फुंकणी पडली. तिला ती खिडकी आठवली, खोकणारा म्हातारा आठवला, आणि माणिकची पेन्सिल. "माय... त्यानं माझं विचारलं..."

"अन् तू सांगितलं."

"त्यांचं कसं घेऊ? आजच्या घडीले?" ती रडायलाच लागली. "आता त्यांचं माप कोणाच्या मापात गेलं, माय? नागपूरवाले म्हणतील, खांबवाल्याचं रक्तच आलं नाही. फेकून देतील."

खेमराज दारात उभा राहून ऐकत होता. त्यानं टोपलीतली एक कैरी उचलली, मीठ लावलं आणि करकरून चावली. "डोहाळे माझे, कैऱ्या तुझ्या नावावर. घे, तू पण खा."

"हासून राह्यले तुमी!"

"मंग काय करू? रक्त माझं, हात माझा. नाव बदललं म्हणून रक्त थोडीच बदलते. चाल, उद्याच जाऊ बालाघाटले."

बसमध्ये ती खिडकीला डोकं टेकवून बसली. वैनगंगेच्या पुलावर बायांनी पैसे टाकले, तिनंही टाकले.

माणिकच्या खिडकीत तीच गर्दी. त्यानं तिला लांबूनच ओळखलं आणि चेहरा पाडला. चांगला माणूस होता तो. पाकीट तिच्या हातात देताना त्यानं आवाज हळू केला. पण माणिकचा हळू आवाजही तीन माणसांना पुरायचा.

"अनुसयाबाई, कालच आला रिपोर्ट. मन घट्ट करा. काही नाही."

"काही नाही म्हणजे?"

"म्हणजे... दिवस नाहीत."

"काहीच नाही? थोडंसं पण नाही?"

"शून्य, बाई. एकदम शून्य. पण वय आहे तुमचं. पुढच्या वेळी..."

अनुसया खिडकीचा कठडा धरून खालीच बसली. लाइनीतल्या बायांनी च् च् केलं, एकीनं पाण्याचा तांब्या पुढं केला. आणि अनुसया हसायला लागली. आधी नुसते खांदे, मग आवाज, मग डोळ्यांतून पाणी. तिनं तांब्या घेतला, अर्धं पाणी प्यायली, अर्धं सांडलं. "शून्य!" ती त्या अनोळखी बाईचा हात धरून म्हणाली. "बाई, शून्य! पाहुणा गेला!"

"पागल हो गई बेचारी," मागचा कोणी म्हणाला.

माणिक घाबरून खिडकीतून बाहेर आला. तेवढ्यात खेमराजनं पुढं होऊन त्याच्या खांद्यावर हात ठेवला. "घाबरू नको भाऊ. दिवस तिले नव्हते. मले होते."

माणिकनं एकदा त्याच्याकडं पाहिलं, एकदा तिच्याकडं, आणि मग डॉक्टर मधुकररावांचा दवाखाना समोरच होता म्हणून त्या दोघांना सरळ तिकडं घेऊन गेला.

मधुकररावांनी सगळं ऐकलं. आधी हसले. चष्मा काढून डोळे पुसेपर्यंत हसले. सिस्टर सुनीतीलाही बोलावलं, ती म्हणाली, "हो, त्या दिवशी मी सुई टोचताना यांनीच विचारलं होतं, मुलगा होईल की मुलगी." पण मग डॉक्टरांनी रिपोर्ट टेबलावर ठेवला आणि त्यावर तळहात टेकला.

"माझ्या मनानं सांगतो, हे रक्त याचंच. पण डोक्याचा प्रश्न आहे. यावर अनुसया लिहिलंय. या कागदावर मी डोकं उघडू नका असं नागपूरला कसं कळवू? पुन्हा एक नळी काढू. आणि या वेळी," त्यांनी अनुसयेकडं पाहिलं, "नाव नीट."

"मीच सांगतो मंग," खेमराज म्हणाला, आणि लगेच थांबला. त्याच्या ओठाच्या कोपऱ्यात खट्याळपणा उभा राहिला. "नाही. मी नाही सांगत. ज्यानं चुकवलं त्यानंच सुधरवावं."

"आवं!" अनुसया कळवळली. "तुमाले माहीत आहे न काहून घेत नाही ते."

"माहीत आहे." तो हळू म्हणाला. "चार वर्षं तू माझं नाव जपून ठेवलं, अनू, आयुष्य सरू नये म्हणून. पण त्या जाड दाराच्या आत मी एकटा पडून राहो न, तं मले वाटे, बाहेरून कोणीतरी नावानं हाक मारावी. 'आवं' म्हटलं तं धर्मशाळेतले वीस माणसं वळून पाह्यत."

ती उठली आणि लॅबच्या वाटेला लागली.

सिस्टरनं नवी नळी भरली. अनुसया खिडकीपाशी आली. माणिक पेन्सिलीला टोक करून बसलेला. गोष्ट एव्हाना लाइनीत मागपर्यंत पोचली होती. तो खोकणारा म्हातारा आज खोकायचाही थांबला होता.

"नाव?" माणिक म्हणाला.

अनुसयेनं पदर डोक्यावर नीट घेतला, डोळे मिटले, आणि म्हणाली:

साळीतून तांदूळ निघाला, कोंडा उडाला वाऱ्यावर,
खेमराजचं नाव लिहा लाल नळीच्या गळ्यावर.

"वाह बाई!" लाइनीतून टाळ्या पडल्या. म्हातारा म्हणाला, "अजून एक होऊन जाऊ दे!"

माणिकनं पेन्सिल कानावर ठेवली आणि डोकं खाजवलं. "वहिनी, उखाणा फस्क्लास. पण नळी बोटाएवढी. एवढं सगळं मावत नाही. नुसतं नाव सांगा."

सगळे थांबले. रस्त्यावरचा एक रिक्षावालाही पाय टेकवून उभा राहिला. अनुसयेनं मागं वळून बाकाकडं पाहिलं. तो तिथं बसला होता, लाल फडकं बांधून, कैरीनं दात आंबलेला, आणि लहान पोरासारखा वाट पाहत.

"खेमराज," ती म्हणाली.

आभाळ पडलं नाही. समोरच्या कडुनिंबावरचा कावळासुद्धा हलला नाही. माणिकनं लिहिलं, नळीभोवती कागद चिकटवला, वरून बोट फिरवून घट्ट केला.

घरी दुर्गाबाईला सांगितलं तेव्हा अनुसया घाबरतच होती. म्हातारीनं दोन्ही हातांनी तिचं तोंड धरलं. "मी नऊ महिने पोटात वाढवून ते नाव ठेवलं, व माय. घेतल्यानं झिजलं असतं तं माझ्या हाका मारण्यानंच कवाचं सरलं असतं."

पुढचे आठ दिवस घरात कोणी त्या मापाचं बोललं नाही, आणि दुसरं काही सुचलंही नाही. खेमराज कामावर जाऊ लागला होता. एवढ्यात चढायचं नाही असा डॉक्टरांचा हुकूम, म्हणून तो खाली उभा राहून वरच्यांना सांगायचा, कुठली तार सैल, कुठलं तारेखालचं चिनीमातीचं चाक फुटलं. खाली उभं राहून वर पाहायला कोण अडवतं?

नवव्या दिवशी अनुसया एकटीच बालाघाटला गेली. परतीच्या बसमधून ती गिरण्यांच्या चौकातच उतरली, घरी गेलीच नाही. चौकात कोंड्याचा सोनेरी धूर उडत होता. तारेचं काम चालू होतं. एक गडी खांबावर, चार खाली. त्या चौघांत लाल फडकं. मान सरळ, खांदे सैल, आणि डोळे, नुसते डोळे, खांबाच्या शेंड्याला लागलेले.

तिनं पाकीट हातात उंच धरलं आणि भर बाजारात, गाडीवाले, पोतेवाले, कौसल्या, सगळ्यांच्या देखत हाक मारली:

"खेमराज! शून्य! तुमच्या नावावर शून्य!"

खांबावरचा गडी पकड विसरला. खालच्या चौघांतले तिघे वळले. खेमराज वळला नाही. तारेवर एक पाखरू येऊन बसलं होतं, तो त्याच्याकडं पाहत होता. त्याच्या गालांवरून पाणी ओघळत होतं आणि तो हसत होता.

"ऐकू नाही आलं," वरच पाहत तो म्हणाला. "अजून एकदा म्हण."

ती जवळ आली, अगदी जवळ, आणि म्हणाली.

त्या संध्याकाळी अंगणात गल्लीतल्या बाया जमल्या. दुर्गाबाईनं खेमराजला पाटावर बसवलं, गळ्यात माळ घातली आणि सुनेकडं पाहून म्हणाली, "हं, सहाव्या महिन्यापासून धर."